एकाला दिसतं, दुसऱ्याला ठाऊक असतं

दोघांनी मिळून खेळायच्या एका व्हिडिओ गेममध्ये दुसऱ्या गड्याला पडद्याकडे बघायलाच मनाई असते. पहिल्याच्या समोर एक पेटी असते. तिच्यावर रंगीत तारा, बटणं, अनोळखी चिन्हं आणि उलटं मोजणारं घड्याळ. दुसऱ्याच्या हातात छापील पुस्तिका असते. कोणती तार कधी कापायची, कोणतं बटण किती वेळ दाबून धरायचं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. पेटीवाल्याला दिसतं पण काही कळत नाही, आणि पुस्तिकेवाल्याला सगळं ठाऊक असलं तरी समोर काय आहे ते दिसत नाही. दोघांमधला दुवा फक्त बोलण्याचा. तीन चुका झाल्या किंवा वेळ संपली, की डाव हरला.

‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ हा तो गेम. कॅनडातल्या ओटावा शहरात, जानेवारी २०१४ च्या ‘ग्लोबल गेम जॅम’ या उपक्रमात त्याचा पहिला नमुना तयार झाला. ‘स्टील क्रेट गेम्स’ या तिघांच्या छोट्या कंपनीनं २०१५ मध्ये तो बाजारात आणला. त्याची पुस्तिका २३ पानांची आहे आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येते. पुस्तिकेतला एक नियम बघा. पेटीवर तीन तारा असतील आणि त्यांत लाल एकही नसेल, तर दुसरी तार कापा. नाहीतर, शेवटची तार पांढरी असेल तर शेवटची कापा. नाहीतर, निळ्या तारा एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी कापा. नाहीतर शेवटची कापा. शांतपणे वाचलं तर पाचवीतल्या मुलालाही जमेल. घड्याळ टिकटिकत असताना समोरचा ‘लाल, निळी, निळी... थांब, ही जांभळी आहे की निळी?’ असं ओरडू लागला, की मोठ्या माणसांची भंबेरी उडते.

हा गेम पडद्यावरून उचलून खऱ्या लाकडात, तारांत आणि दिव्यांत उतरवण्याचा नाद जगभरातल्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लागला आहे. हे काम कुडव्यात कसं करता येईल, ते या लेखात सांगायचं आहे. गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यासारख्या गावातल्या आठवी-नववीच्या मुलांना आणि त्यांच्या विज्ञानाच्या सरांना-मॅडमना हे पूर्ण जमण्यासारखं आहे. लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. लागणारा विचार मात्र खोल आहे, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त विचार इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, बोलण्याचा आहे.

बोलण्याचं आधी बघू. १९८६ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि डीआना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं, मध्ये आडपडदा, दोघांकडेही टॅनग्रामच्या, म्हणजे भौमितिक तुकडे जुळवून केलेल्या, त्याच बारा आकृत्या. एकानं आपल्या आकृत्यांचा क्रम फक्त बोलून सांगायचा आणि दुसऱ्यानं आपल्या आकृत्या तशाच लावायच्या. असे सहा डाव. पहिल्या डावात सांगणाऱ्याला एकेका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द खर्चावे लागले, सहाव्या डावात ८ पुरले. आधी ‘एक माणूस बर्फावर घसरतोय, एक पाय मागे, हात पुढे’ अशी लांबण लागायची आणि नंतर नुसतं ‘घसरणारा’ म्हटलं की भागायचं. हा शब्द कोणा एकानं ठरवलेला नव्हता. एकानं सुचवला, दुसऱ्यानं हुंकार भरला आणि तो दोघांचा झाला. अशा सामाईक शब्दांखेरीज आपला गेम जिंकताच येत नाही. म्हणून पेटी बनवणाऱ्यानं मुद्दाम अशाच गोष्टी तिच्यावर ठेवायच्या, ज्यांना तयार नाव नाही.

हेन्री स्मिथ यांचा २०१२ चा ‘स्पेसटीम’ हाही याच घराण्यातला गेम. त्यात प्रत्येकाच्या फोनवर दुसऱ्याच्या कामाचे हुकूम येतात आणि ते ओरडून सांगावे लागतात. माँट्रिअलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञांनी त्याची इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली, कारण घाईत बोलावं लागलं की शिकणारा व्याकरणाची भीती विसरतो.

पेटीचं रूप कसं असावं, हा पुढचा प्रश्न. मूळ गेममधली पेटी म्हणजे बॉम्ब आहे. आपल्याकडे ते रूप घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यानं नक्षली हिंसा जवळून पाहिली आहे. भूसुरुंग हा शब्द इथल्या कित्येक घरांत वर्तमानपत्रातून आलेला नाही. तारा लटकलेली, आकडे मोजणारी पेटी दप्तरात घेऊन गोंदिया जंक्शनवर जाणारं मूल पोलिसांच्या आणि प्रवाशांच्या डोळ्यांना काय दिसेल, हेही डोळ्यांसमोर आणावं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात एका चौदा वर्षांच्या मुलानं घरी जुळवलेलं घड्याळ शाळेत दाखवायला नेलं, तर त्याच्या हातात बेड्या पडल्या होत्या.

बॉम्बपेक्षा अस्सल आणि याच मातीतली कल्पना आपल्या हाताशी आहे, ती रेल्वेच्या टोकनची. गोंदिया हे रेल्वेचं गाव. मुंबई-हावडा मार्ग इथून जातो. जबलपूरकडे जाणारी ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज बंगाल नागपूर रेल्वेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथूनच टाकली. नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणारा मार्गही वर्षानुवर्षे एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून काय करायचं? १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे नेमकं तसं घडलं. समोरची गाडी सोडायला परवानगी देणारा तारेचा संदेश नॉरिच स्टेशनातल्या निरीक्षकाची सही होण्याआधीच निघून गेला. इकडे निरीक्षकानं आपली गाडी सोडली. एकाच रुळावर दोन गाड्या धडकल्या आणि पुष्कळ माणसं मेली. बोलणं झालं होतं, पण दोघांच्या मनातलं चित्र एक नव्हतं.

त्यावर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये उपाय शोधला. एका मार्गाच्या दोन टोकांना दोन यंत्रं, विजेच्या तारेनं जोडलेली. यंत्रात धातूच्या तबकड्या. तबकडी हातात असल्याशिवाय ड्रायव्हरनं त्या मार्गावर जायचंच नाही. आणि तबकडी बाहेर येते ती पलीकडच्या स्टेशनातल्या माणसानं आपल्या यंत्रातून वीज सोडली तरच. एक बाहेर आली की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. भारतीय रेल्वेत याच तत्त्वावरचं नील्सचं टोकन यंत्र रुळलं. त्यात तबकडीऐवजी गोळा असतो. स्टेशन मास्तर पलीकडे घंटीचे ठोके देतो, पलीकडचा मास्तर आपलं बटण दाबून धरतो, मग इकडची मूठ फिरते आणि गोळा खाली येतो. ठोक्यांची भाषा ठरलेली आहे. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’, दोन म्हणजे ‘लाइन क्लिअर आहे का’, तीन म्हणजे ‘गाडी निघाली’, चार म्हणजे ‘गाडी पोचली’, पाच म्हणजे ‘आधीचा संदेश रद्द’ आणि सहा म्हणजे धोका. आता बऱ्याच मार्गांवर टोकनविना चालणारी यंत्रणा आली आहे. पण दोन माणसांच्या संमतीशिवाय न उघडणारी पेटी आपल्या आजोबांच्या पिढीनं रोज हाताळली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या खेळाला याहून चांगला साचा मिळणार नाही.

तर आपला डाव असा. गाडी आउटरला उभी आहे आणि घड्याळात पाच मिनिटं आहेत. एका खोलीत ‘गोंदिया’ पेटी आणि तिच्यासमोर एक गडी. दुसऱ्या खोलीत ‘हिरडामाळी’ या पलीकडच्या स्टेशनाची छोटी पेटी आणि तिथल्या गड्याजवळ नियमांची पुस्तिका. गोंदियाच्या पेटीवर तीन पाट्या: तारांची, अक्षरांची आणि शब्दांची. तिन्ही सुटल्या की हिरडामाळीवाल्यानं आपलं बटण दाबून धरायचं, तेवढ्यात गोंदियावाल्यानं मूठ फिरवायची आणि पेटीतून काचेची गोटी बाहेर पडायची. तीन चुका झाल्या की गोटी अडकली.

साहित्यासाठी नागपूर-मुंबईला धावण्याची गरज नाही. घराच्या वायरिंगचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मॉड्युलर स्विचबोर्डच्या प्लेटा आणि त्यांच्या मागचे पीव्हीसीचे डबे मिळतात. त्या प्लेटांत एकाच मापाचे चौकोनी खाचे असतात आणि स्विच, बेल पुश, कोरी पट्टी, जे हवं ते त्यात बसतं. पाट्या बदलता येणारी पेटी बनवायला यापेक्षा सोयीचं काही नाही. एक खबरदारी मात्र घ्यायची. बोर्डावर लावायचा तयार इंडिकेटर निऑनचा असू शकतो आणि तो पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या पुढचा दाब लागतो. आपली पेटी ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे तो पेटणारच नाही. त्याच्या जागी एलईडी बसवायचा. आणि डबा स्विचबोर्डचा असला म्हणून घरातली २३० व्होल्टची वीज त्यात कधीही आणायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकायचं.

पेटीचा मेंदू म्हणजे आर्डुइनो. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड आज शाळाशाळांत पोचला आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतल्या शाळांत तर तो हमखास असतो. त्याच्या ‘उनो’ प्रकारातल्या चिपमध्ये कार्यक्रम साठवायला ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी फक्त २ किलोबाइट जागा असते. ही दुसरी मर्यादा लक्षात ठेवा, ती पुढे आडवी येते.

तारांची पाटी मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात एक खरा प्रश्न लपलेला आहे. व्हिडिओ गेममध्ये संगणकानंच तारा रंगवलेल्या असतात, म्हणून कुठली तार लाल हे त्याला आधीच माहीत असतं. आपल्या पेटीत दर डावाला मुलं हातानं तारा खोचणार आणि कापण्याऐवजी उपटणार. मग चिपला रंग कसा कळायचा? कॅमेरा नको, रंग ओळखणारं महागडं यंत्रही नको. प्रत्येक रंगाच्या तारेच्या प्लगमध्ये वेगळ्या किमतीचा रेझिस्टर डाग देऊन लपवायचा. लाल तारेत २.२ किलोओहम, निळीत ४.७, पिवळीत १०, पांढरीत २२, काळीत ४७. शाळेच्या प्रयोगशाळेतले बनाना प्लग यासाठी उत्तम, त्यांच्या टोपणात रेझिस्टर छान मावतो.

आता ५ व्होल्टपासून एक १० किलोओहमचा रेझिस्टर खाली आणायचा आणि त्याच्या पुढे ही रंगीत तार जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडायची. मधल्या सांध्यावरचा दाब दोन्ही रेझिस्टरांच्या प्रमाणात वाटला जातो. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे कामाला येतो. लाल तारेला सांध्यावर ५ × २.२ ÷ १२.२, म्हणजे सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात. आर्डुइनो ० ते ५ व्होल्टचं मोजमाप ० ते १०२३ या आकड्यांत करतो, म्हणून लाल तारेला त्याला साधारण १८४ दिसतो. निळीला ३२७, पिवळीला ५१२, पांढरीला ७०३, काळीला ८४४. तार उपटली की सांधा सरळ ५ व्होल्टला जातो आणि आकडा १०२३ होतो. बाजारातले स्वस्त रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतात, त्यामुळे आकडा वीस-पंचवीसनं हलू शकतो. शेजारच्या दोन रंगांत किमान १४० चं अंतर असल्यामुळे घोटाळा होत नाही. म्हणजे एकाच टोचणीतून रंग कोणता आणि तार उपटली का, ही दोन्ही उत्तरं मिळाली. वहीत केलेलं गणित पेटीनं जसंच्या तसं खरं करून दाखवलं, की ओहमचा नियम मुलाला आयुष्यभर विसरता येत नाही.

या मांडणीत रेल्वेचं शहाणपणही आपोआप आलं आहे. तार तुटली, प्लग सैल झाला, डाग निखळला, यांतलं काहीही झालं तरी आकडा १०२३ कडेच जातो, म्हणजे ‘तार नाही’ याच बाजूला. सिग्नलच्या कामात हेच तत्त्व आहे: परवानगी द्यायला वीज लागली पाहिजे, नाकारायला काहीच लागू नये. म्हणजे यंत्र बिघडलं तरी ते गाडी थांबवून बिघडेल.

इथे एक अडचण उभी राहते. उनोला असे आकडे वाचणाऱ्या सहाच जागा आहेत आणि त्यांतल्या दोन जागा दुसऱ्या उपकरणांशी बोलण्यासाठी लागतात. सहा तारांची पाटी हवी असेल तर आर्डुइनोचा ‘नॅनो’ हा छोटा भाऊ घ्यावा, त्याला आठ जागा असतात. प्रत्येक पाटीला तिचा स्वतःचा नॅनो द्यायचा आणि मुख्य बोर्डानं फक्त घड्याळ, चुका आणि निकाल सांभाळायचा, ही रचना मला बरी वाटते. पाट्या आपसांत आय-टू-सी या पद्धतीनं बोलतात. फिलिप्स कंपनीनं १९८२ मध्ये काढलेल्या या पद्धतीत सगळ्या पाट्यांना मिळून दोनच तारा पुरतात आणि प्रत्येक पाटीला क्रमांकाचा पत्ता असतो. मुख्य बोर्ड एकेक पत्ता पुकारून विचारतो, ‘सुटलीस का? चूक झाली का?’ यामुळे तीन मुलं तीन पाट्या आपापल्या घरी बनवू शकतात. ठरवायचं काय, तर फक्त पत्ता आणि उत्तराची पद्धत. मात्र ही पद्धत एका पेटीच्या आतच वापरावी. तारा लांबल्या की ती अडखळते. दोन खोल्यांतल्या पेट्यांसाठी आरएस-४८५ चे छोटे बोर्ड मिळतात, ते शेकडो मीटरपर्यंतही निभावतात.

घड्याळाचं काम सोपं आहे, पण नवशिक्याचा पाय हमखास घसरतो तो इथेच. ‘एक सेकंद थांब’ असा हुकूम कार्यक्रमात लिहिला, की त्या सेकंदात चिप आंधळी होते, कुणी बटण दाबलं तरी तिला कळत नाही. म्हणून थांबायचं नाही. बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले हे सतत विचारत राहायचं आणि त्यावरून उरलेली वेळ काढायची. बटणाचंही असंच. आतले पत्रे एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि चिपला एका दाबण्याचे पाच-सात दाब दिसतात. स्थिती वीस-तीस मिलिसेकंद टिकली तरच ती खरी मानायची. नाहीतर एका चुकीच्या तीन चुका मोजल्या जातील आणि मुलं पेटीवर रागावतील. तो राग रास्त असेल.

अक्षरांच्या पाटीसाठी मूळ गेममध्ये चित्रविचित्र चिन्हं आहेत. पुस्तिकेत सहा रकाने, प्रत्येकात सात चिन्हं. पेटीवरची चारही चिन्हं ज्या रकान्यात सापडतील, त्याच्या क्रमानं बटणं दाबायची. मराठी पेटीवर ही जागा मोडी लिपीला द्यावी. काही शतकं मराठीचा कारभार जिच्यात चालला ती लिपी आज आपल्यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, आणि न वाचता येणं हेच इथे हवं आहे. ‘शेपूट डावीकडे वळलेला दोन’, ‘पोट फुगलेला र’ अशी नावं मुलं स्वतः पाडतील, क्लार्कच्या प्रयोगातल्या माणसांसारखीच. खेळता खेळता वीस-पंचवीस मोडी अक्षरं डोळ्यांत बसतील. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ पासून जागा आहे आणि फुकट फाँटही मिळतात, म्हणजे पुस्तिका छापायलाही अडचण नाही.

पडद्यावर मात्र अडचण आहे. सोळा अक्षरांचा, दोन ओळींचा जो स्वस्त एलसीडी सगळीकडे मिळतो, त्याला रोमन अक्षरं येतात, देवनागरी येत नाही. स्वतः काढलेली आठच चिन्हं त्यात बसतात, तीही पाच बाय आठ ठिपक्यांची. त्यात ‘क्ष’ कुठून मावणार? म्हणून १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी पडदा घ्यावा आणि अक्षराचं चित्रच रंगवावं. त्या पडद्याचं पूर्ण चित्र चिपच्या चालू जागेत १,०२४ बाइट खातं, म्हणजे दोन किलोबाइटपैकी अर्धी जागा गेली. अक्षरांची चित्रं म्हणून ३२ किलोबाइटच्या कायम साठ्यातच ठेवायची. बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांचं एक अक्षर १२८ बाइटचं. तीस अक्षरं धरली तरी चार किलोबाइटच्या आत काम होतं. पडद्याचे चार भाग करायचे, प्रत्येकात एक अक्षर आणि बाजूला चार बेल पुश.

शब्दांची पाटी कुडव्यात सगळ्यात रंगेल, असं मला वाटतं. मूळ गेममध्ये सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द वापरून खेळणाऱ्यांची फजिती करतात. ती पाटी भाषांतरित होऊच शकत नाही, नव्यानं रचावी लागते. मराठीत दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर या जोड्या लिहिताना वेगळ्या आणि बोलताना जवळजवळ सारख्या. आपल्या झाडीपट्टीतल्या बोलीत तर रोजच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो. म्हणून ‘तण’ आणि ‘तन’, ‘मण’ आणि ‘मन’ या जोड्या इथे पुण्यापेक्षा जास्त अवघड. ‘तण, बांधीतलं’ आणि ‘तन, अंगवालं’ असं सांगावं लागेल. बोली ‘सुधारण्यासाठी’ ही पाटी नाही, हे शिकवणाऱ्यानं मनाशी पक्कं ठेवावं. ऐकणाऱ्याला नेमकं काय कळलं आणि काय नाही, हे बोलणाऱ्याच्या लक्षात यावं, एवढाच तिचा उद्देश. गोंदियात एकाच वर्गात मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी बोलणारी मुलं बसतात. पुस्तिकेची पोवारी आवृत्ती करायला घेतली तर याच पाटीवर खरी मेहनत पडेल, कारण सारख्या उच्चाराच्या जोड्या पोवारीतूनच वेचाव्या लागतील.

गोटी सोडण्यासाठी छोटी सर्व्हो मोटर पुरते. ती झटक्यानं फिरते तेव्हा विजेचा घोट मोठा घेते, आणि बोर्डाला तेवढ्यात दाब कमी पडला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे जिंकण्याच्या क्षणीच डाव पुसला जातो. मोटरला वीज वेगळ्या वाटेनं द्यावी, तिच्याजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा आणि दोन्हींचा ग्राउंड एक ठेवावा. वीज पॉवर बँकेची असेल तर आणखी एक गोष्ट: कित्येक पॉवर बँका वापर फार कमी झाला की ‘फोन भरला’ असं समजून स्वतःच बंद होतात. आपल्या दिव्यांचा वापर त्या मर्यादेच्या वर राहतो ना, ते आधी पाहून घ्यावं.

हिरडामाळीच्या बटणाचा संदेश एकदाच पाठवून भागत नाही. बटण दाबलेलं आहे तोवर दर शंभर मिलिसेकंदांनी ‘धरलंय’ असा संदेश जात राहावा, आणि अर्धा सेकंद तो आला नाही तर गोंदियाच्या पेटीनं बटण सुटलं असं धरावं. ‘सोडलं’ हा संदेश वाटेत हरवला तरी गोटी पडत नाही. थॉर्पच्या रात्री हेच जमलं नाही: एकदा गेलेली परवानगी वेळेत मागे घेणं.

आता पुस्तिका. ती पेटीइतकीच काळजीनं बनवावी लागते आणि बहुतेक जण तिथेच कंटाळा करतात. तारांचे पाच रंग असतील तर तीन तारांच्या १२५ मांडण्या होतात, चारच्या ६२५, पाचच्या ३,१२५ आणि सहाच्या १५,६२५. एकूण १९,५०० मांडण्यांपैकी प्रत्येकीला एकच उत्तर असायला हवं. दोन उत्तरं नकोत, आणि उत्तर नाही असंही नको. हे डोळ्यांनी तपासणं अशक्य. नियम संगणकाला सांगून सगळ्या मांडण्या फिरवून पाहायच्या, काही क्षणांचं काम आहे. नियमांची उतरंड ‘नाहीतर’नं बांधली आणि शेवटची ओळ विनाअट ठेवली, तर उत्तर सुटून जात नाही. तरी एखादा नियम असा निघतो की त्याची पाळीच कधी येत नाही, कारण वरच्या नियमानं सगळ्या मांडण्या आधीच गिळलेल्या असतात. तोही याच तपासणीत सापडतो.

मग माणसांवर तपासणी. खेळणाऱ्यांना काहीही न समजावता पेटी आणि पुस्तिका द्यावी, आपण गप्प बसावं आणि कुठे अडतात ते लिहून घ्यावं. अवघड आणि संदिग्ध यांतला फरक इथेच दिसतो. ‘शेवटची तार’ म्हणजे उजवीकडची की खालची, यावर दोघं अडले तर चूक पुस्तिकेची, ती दुरुस्त करावी. मोडी अक्षराचं वर्णन करताना अडले तर ते हवंच होतं, तिथे हात लावू नये. आजी आणि नात, शेजारचे काका आणि सहावीतला मुलगा अशा जोड्या लावाव्यात. वर्गात हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाला पुस्तिका देण्याची घाई करू नये. पुढच्या डावात भूमिका बदलाव्यात.

हे सगळं एका शाळेला एकटीनं करायचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो ‘हातानं काम करत शिकणं’ या एकाच विचारावर. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबांपैकी एक याच खेड्यात आली. खेड्यातली मुलं आधी वापरणारी आणि मग कधीतरी बनवणारी होतील, हा क्रम पाबळनं कधीच उलटा करून दाखवला आहे. कुडव्यातल्या मुलांनीही एक पाटी बनवावी, आमगावच्या मुलांनी दुसरी आणि तिरोड्याच्या मुलांनी तिसरी. पत्ता आणि उत्तराची पद्धत ठरलेली असली तर तिन्ही एका डब्यात बसतील.

एक दुखणं उरतं. आठवडाभर खेळलं की नियम पाठ होतात, पेटीवाल्याला पुस्तिकेची गरजच उरत नाही आणि खेळ मरतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. मुख्य बोर्डावर चार बारीक स्विचांची एक पट्टी, म्हणजे डिप स्विच, बसवायची. चार स्विचांच्या सोळा मांडण्या होतात, प्रत्येक मांडणी म्हणजे नियमांचा एक वेगळा संच. तसेच सोळा संच छापायचे आणि प्रत्येकावर ठळक क्रमांक घालायचा. डाव सुरू होताना पडद्यावर संचाचा क्रमांक येतो. पेटीवाल्यानं तो वाचून दाखवायचा, पलीकडच्यानं आपल्या पुस्तिकेवरचा क्रमांक उलट वाचून दाखवायचा, दोन्ही जुळले की पहिली तार मोजायला घ्यायची.